परवान्याची झाडं

मध्यंतरी माझ्या नातवंडांना मोबाइलवर कुठंसं वाचायला मिळालं, की परदेशात लोक सरकारच्या परवानगीने घरच्या अंगणात गांजा लावतात. कोरड्या मुलखात तो कसा लावावा, पाणी किती द्यावं, सगळं त्यात लिहिलेलं. दोघं मोठ्या नवलाने मला सांगायला आली. मी भाजी निवडत होते. म्हटलं, त्यात काय मोठंसं, आमच्या घरी होता की, आणि तोही कायदेशीर. दोघं इतकी हसली की त्यांच्या आईला आतून बाहेर यावं लागलं. 'आजी, तू तो छुपी रुस्तम निकली,' थोरला म्हणाला. ह्यांना मराठी समजते, पण हसू येतं ते हिंदीतच. मलाही त्यांच्याबरोबर हसता आलं असतं, पण माझं डोकं फिरलं आणि मी दोघांना हाकलून दिलं. त्या झाडांवरून कुणी हसलेलं मला खपत नाही.

माझे वडील वैद्य होते. गाव बालाघाटकडे, रामपायलीच्या अलीकडचं, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, मधोमध आमची कौलारू घरं. औषधासाठी मोजकी झाडं लावायची परवानगी त्यांना नागपूरचं राज्य होतं तेव्हापासूनची. मग राज्यांची उलथापालथ झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो, आणि परवान्याचा कागद हिंदीत येऊ लागला. बाकी काही बदललं नाही. पोळा झाला की अबकारीचा जमादार सायकलवरून यायचा, घरामागच्या बाडीत जाऊन झाडं मोजायचा, चहा प्यायचा आणि जायचा. झाडं कापायच्या वेळी पुन्हा यायचा. मधे एखादं झाड मेलं किंवा उपटलं, तर तेही वाळवून जपून ठेवायचं आणि त्याला दाखवायचं, असा नियम होता.

गांजा हा शब्द आमच्या ओट्यावर काढायची सोय नव्हती. बाबा त्याला पोथीतल्या नावाने विजया म्हणत. झोप उडालेल्यांना, जुन्या हगवणीला, म्हाताऱ्यांच्या सांध्यांना, आणि ज्यांचं आता काही होणार नाही अशांच्या वेदनेला ते तिची तुपातली गोळी देत. चिलीम ओढणारे कितीदा तरी दारात येऊन हात जोडून गेले, पण बाबांनी चिमूटभरही कुणाला दिली नाही. माणूस सचोटीचा होता, हे मी कुणापुढेही सांगेन. त्या सचोटीचा अभिमान मात्र त्यांच्या डोक्यात गेलेला होता. 'आपल्या घरी एक पान इकडचं तिकडं होत नाही,' हे वाक्य मी जेवताना इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा वीट आला होता.

झाडं बाबांच्या नावावर होती, पण लावायची माझी आई. आम्ही तिला माय म्हणायचो. माय बऱ्हाणपूरकडची, निमाडातली. तिच्या वडिलांकडे त्या भागातल्या बऱ्याच शेतकऱ्यांसारखा गांजाच्या शेतीचा परवाना होता, त्यामुळे हे पीक ती लहानपणापासून बघत आली होती. लग्न होऊन ती आमच्या ओल्या मुलखात आली आणि जन्मभर त्या ओलीला शिव्या देत राहिली. पावसाळ्यात भिंतींना बुरशी, पापडांना बुरशी, गादीला वास. 'या गावात माणूस वाळत नाही, झाड काय वाळंल,' म्हणायची. बाबांनी पहिल्यांदा लावलेली झाडं मुळाशी कुजून गेली होती, असं सांगत. मायने मग दक्षिणेच्या भिंतीलगत बाडीची काळी चिकट माती खणून काढली, तिथं मुरूम, रेती आणि चुलीची राख भरून कमरेइतका उंच ओटा केला, कौलांवरचं पाणी त्यावर पडू नये म्हणून वरून पत्रा तिरका लावला. सगळा गाव पाण्यात उभा असताना त्या ओट्यावर बोटभर धूळ असायची. झाडाला तहान लागू द्यायची, असं तिचं शास्त्र होतं. मी एकदा लाडाने त्यांना तांब्याभर पाणी घातलं, तर तिने मला पाठीत धपाटा घातला होता.

दुसरं काम दसऱ्याच्या आसपासचं. ह्या झाडांत नर वेगळा आणि मादी वेगळी. औषध असतं ते मादीच्या तुऱ्यात. नराला फूल आलं आणि त्याची धूळ उडाली की मादीच्या तुऱ्यात बी धरतं, सगळा जोर बियांत जातो आणि औषध म्हणून तो तुरा फुकट. म्हणून नर फुलायच्या आत ओळखून उपटायचे. माय आठ-पंधरा दिवस सकाळी उन्हं आल्यावर त्या ओट्याशी उभी राहायची, एकेक फांदी उलटून पेऱ्यांत बघायची आणि नर सापडला की मुळासकट ओढायची. उपटलेले नर वाळवून, पेंढी बांधून जमादारासाठी पडवीत टांगायची. बाबा त्याला ती पेंढी दाखवत आणि सांगत, 'ये देखिए, छाँट दिए.' छाँटले कुणी, ते जमादारानेही कधी विचारलं नाही.

बाबांना नर-मादी ठाऊक नव्हते असं नाही. पोथीत सगळं होतं, आणि त्यावर ते तासभर बोलू शकत. पण घरात माठ भरलेला असतो, दिव्याची काच पुसलेली असते, तसे दसऱ्यानंतर नर काढलेले असत. त्यांना त्याचा विचार करायची वेळच कधी आली नाही.

मला मायने ह्यातलं काही शिकवलं नाही, आणि ते तिने ठरवून केलं. मी जवळ जाऊन वाकले की म्हणायची, 'तुले कायले पाह्यजे हे? वैद्याच्या घरी नाही देत मी तुले. जा, धडा वाच.' कामातून सुटका झाली म्हणून मला गंमत वाटायची. आता लोकांना वाटेल, ही बाई इथं स्वतःला बोल लावून घेईल. नाही लावणार. मी चौदा-पंधरा वर्षांची होते, आणि ज्यांनी बघायचं ते घरातच होते.

माय आजारी पडली ती उन्हाळ्यात. पोटात दुखायचं. आधी तिने ते कामात दडवलं, ओट्यावर त्या वर्षीचं बीही तिनेच टाकलं, मग कामच होईना. बालाघाटच्या डॉक्टरने नागपूरला न्यायला सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरने बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की गाठ आहे, पसरली आहे, आता घरी न्या. परत येताना गोंदियापासून पुढे बसमध्ये ती पदर तोंडात कोंबून बसली होती. दर खड्ड्याला तिचा हात माझ्या दंडावर आवळला जायचा. दुसऱ्या दिवशी दंडावर काळेनिळे डाग होते. तेव्हा मला कळलं की तिला किती दुखतं आहे.

ह्यानंतरचं सगळं आमच्या घरी एकाच गोष्टीभोवती फिरलं. त्या दुखण्याला उतार पडेल असं औषध घरात होतं, आणि ते तिला मिळत नव्हतं.

आमच्याकडल्या जुन्या वैद्यांत एक रीत होती. वैद्याने आपल्या घरच्या माणसाला आपल्या हाताने औषध द्यायचं नाही. दिलं तर ते लागू पडत नाही, आणि वर वैद्याच्या हाताचा गुण जातो. मला खोकला झाला तरी बाबा राजेगावच्या म्हाताऱ्या वैद्यांकडे पाठवत, आणि त्यांच्या घरचं कुणी आजारी पडलं की ते आमच्याकडे येत. खोकल्या-पडशाला ही रीत ठीक होती. पण विजयेचा परवाना राजेगावच्या वैद्यांकडे नव्हता, तो आजूबाजूला फक्त बाबांकडे होता. म्हणजे ज्याच्या हातून चालतं त्याच्याकडे औषध नाही, आणि ज्याच्याकडे औषध आहे त्याचा हात चालत नाही. असा हा पेच, आणि त्या पेचात माझी आई.

नुसती रीत असती तरी मी म्हटलं असतं, जाऊ दे, माणूस श्रद्धाळू होता. पण त्यामागे आणखी एक होतं. वैद्याची बायको गांजा खाते, असं गाव म्हणेल, ही भीती. ती त्यांनी बोलून दाखवली नाही. मला ती दिसली.

मायने एकदाच मागितलं. ते जेवून उठत होते आणि ती खाटेवर होती.

'मले त्यातली एक गोळी द्या,' ती म्हणाली.

'घरी देता येत नाही. तुले माहीत आहे.'

'मालगुजाराच्या मायले देता.'

'ती रोगी आहे.'

'आन मी काय आहो?'

'तू घरची आहेस,' बाबा म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, कधीच संपली होती, पण त्या घराला गाव मालगुजारच म्हणायचं. त्यांच्या म्हातारीचे गुडघे दुखत. त्यांची बैलांची दमणी आमच्या दाराशी थांबली की बाबांची मान जरा ताठ व्हायची. आदल्या वर्षीच्या तुऱ्यांतलं जे काही शिल्लक होतं, ते त्या पावसाळ्यात म्हातारीच्या गुडघ्यांना गेलं. माझ्या आईने वाळवलेलं, माझ्या आईने निवडलेलं. दमणी निघून गेल्यावर मी रिकामी बरणी धुतली. मला ती बाबांसमोर आपटून फोडायची होती. फोडली नाही, कारण आत माय नुकती झोपली होती.

पोळा झाल्यावर जमादार आला. बाडीतून परत येताना त्याला आतलं कण्हणं ऐकू आलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

'कौन बीमार है, वैद्यजी?'

'घर में से,' बाबा म्हणाले.

'दर्द है?' त्याने विचारलं. बाबांनी मान हलवली. मग तो जरा घुटमळून म्हणाला, 'तो आपके यहाँ तो दवा खड़ी है। परमिट में कहाँ लिखा है कि घरवाली मरीज नहीं हो सकती? मरीज तो मरीज है।'

बास, एवढंच. सायकलवरून आलेल्या, खाकी कपड्यांतल्या, परक्या माणसाने हे म्हटलं आणि बाबा हलले. बायकोने मागितलं तेव्हा हलले नव्हते. मी रडून भांडून, दोन दिवस चूल पेटवणार नाही म्हणून बसले होते, तेव्हा हलले नव्हते. सरकारी माणसाला चालतं म्हटल्यावर गावाला काय वाटेल ह्याचा प्रश्न मिटला. संध्याकाळी ते मायच्या खाटेशी बसले आणि म्हणाले की नवं पीक येऊ दे, मी राजेगावच्या वैद्यांना बोलावतो. तुरे मी त्यांच्या हातात देईन, औषध ते करतील आणि त्यांच्या हातून तुला देतील. रीतही राहील आणि तुझं कामही होईल.

मायने विचारलं, 'केव्हा?'

'धान घरात आलं की.'

'तवापर्यंत राह्यतो मी,' ती म्हणाली. खरंच, त्या दिवसापासून ती तेवढ्यासाठी राहिली.

आम्ही तिची फार काळजी घ्यायला लागलो. हे मी मुद्दाम सांगते. बाबा स्वतः तिला पेज भरवत. मी तिचे पाय दाबत असे. तिला कसलाही ताण द्यायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. तिने विचारलं, गाईची धार काढली का, की आम्ही म्हणायचो, तू पडून राह्य. तिने विचारलं, बाडीत झाडं कशी आहेत, की बाबा म्हणायचे, 'लय चांगली आहेत, तू कायले चिंता करतेस? पड.' ती काही पुढे विचारणार, इतक्यात तिच्या पोटात कळ यायची आणि बोलणं तिथंच राहायचं. पुढे पुढे तिने विचारणं सोडलं. बरं आहे म्हणाले आहेत म्हणजे बरंच असेल, असं तिने धरलं असावं. वैद्याच्या घरात ह्यापेक्षा वेगळं कोण धरील?

दसरा आला आणि गेला. सकाळच्या उन्हात ओट्याशी कुणी उभं नव्हतं. पडवीत पेंढी टांगलेली नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही, बाबांच्या आलं नाही. झाडं उंच झाली, त्यांतल्या काहींवरून सकाळी हात फिरवला की पिवळट भुकटी उडायची. मी ते बघितलं आणि मला ते छान वाटलं. नंतर माद्यांचे तुरे भरले, जाड झाले. बाबा मागे हात बांधून ओट्याभोवती फिरले आणि खुशीत आत येऊन मायला म्हणाले, 'औंदा तुरे पाह्यले पाह्यजे होते तू! असे भरले आहेत.' माय हसली. आजारपणात ती हसल्याचं मला तेवढं एकच आठवतं.

मार्गशीर्षात धान घरात आलं. जमादार आला, मोजणी पुरी भरली म्हणून त्याने पेंढीचं विचारलं नाही, झाडं कापली गेली, वजन झालं. तुरे वाळले. बाबांनी शब्द दिल्याप्रमाणे राजेगावच्या वैद्यांना निरोप धाडला आणि ते म्हातारे गृहस्थ थंडीत, कानाला मफलर गुंडाळून, बसने आले. बाबांनी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून त्यांच्या ओंजळीत तुरे घातले. वैद्यांनी ते हातात घेऊन पाहिले, 'बी लय दिसते याच्यात,' म्हणाले. बाबा म्हणाले, 'भरदार झाले औंदा.' म्हाताऱ्यांनी दुसऱ्याच्या घरी वाद घातला नाही. पोथीत सांगितल्यासारखं धुतलं, वाळवलं, तुपात परतलं, गूळ घालून गोळ्या वळल्या. घरभर वास सुटला. मायने खाटेवरून तो वास ओढून घेतलेला मी पाहिला.

पहिली गोळी त्यांनी तिला संध्याकाळी दिली. आम्ही तिच्याभोवती बसून होतो. काही झालं नाही. सकाळी दुसरी दिली. दुपारी, जरा भीत भीत, दोन एकदम दिल्या. तिचं तोंड कोरडं पडलं, थोडी गुंगी आली, पण कळ आली की ती पूर्वीसारखीच दाताखाली पदर धरायची. राजेगावचे वैद्य खाली मान घालून बसले. बाबा म्हणाले, 'आजार पुढे गेला आहे, त्याले औषध काय करंल.'

तेव्हा माय म्हणाली, 'मले एक तुरा आणून द्या.'

मी आणून दिला. तिला धड उठता येत नव्हतं. मी पाठीमागे बसून तिला माझ्या अंगावर टेकवलं. तिने तुरा दोन तळहातांत धरून चोळला आणि हात उघडले. तिच्या तळहातावर बियाच बिया होत्या. करड्या, गोल, टपोऱ्या. काही घरंगळून गोधडीवर पडल्या.

तिने एक बी नखाने फोडून पाहिलं. मग विचारलं, 'नर कोणी काढले?'

बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांचा चेहरा हळूहळू कसा बदलत गेला, ते मी पाहिलं. मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही, आणि आजवर आली नाही.

'काढलेच नाही?' तिने विचारलं. 'मी इथं पडून होती. मले काहून नाही इचारलं? खाटेवरून सांगतलं असतं. फांदी तोडून आणून दाखवली असती, तरी सांगतलं असतं.'

बाबा म्हणाले, 'तुले त्रास कायले द्यायचा, म्हून.'

मायने तळहात गोधडीवर पुसला. मला तिचा श्वास माझ्या छातीला लागून जाणवत होता.

'त्रासच तर होता मले,' ती म्हणाली. 'आणखी कोणता देणार होते तुमी?'

ती त्यानंतर पौष संपेपर्यंत होती. राजेगावच्या वैद्यांनी ठेवलेल्या गोळ्या ती रोज घेत राहिली. त्यांचा उपयोग नाही, हे तिला आमच्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं, आणि तरी बाबांनी डबी उघडून, रीत मोडू नये म्हणून राजेगावच्या वैद्यांचं नाव घेऊन पुढे केली की ती तोंड उघडायची.